परसातलं अनोळखी फळझाड: नाव लागेपर्यंत काय करायचं

गोव्यातल्या जुन्या घरांच्या परसात काय काय उभं आहे, हे बऱ्याचदा घरच्या माणसांनाही पुरतं ठाऊक नसतं. वाटण्या होतात, थोरली पिढी जाते, मुलं पुण्या-मुंबईला नाहीतर आखातात असतात. मग चतुर्थीला घर उघडून रान काढताना विहिरीमागे किंवा कुळागराच्या (पोफळींच्या बागेच्या) मेरेवर फळांनी लगडलेलं एक झाड दिसतं आणि त्याचं नाव कोणालाच सांगता येत नाही. तिथे बहुतेक दोनपैकी एक गोष्ट होते. कोणीतरी फळ तोंडात घालून बघतो, नाहीतर रान काढणाऱ्यालाच सांगितलं जातं की हेही तोडून टाक. दोन्ही थांबवा. नाव लागेपर्यंत खायचं नाही आणि तोडायचंही नाही.

नाव दोन वाटांनी यायला हवं, असं माझं ठाम मत आहे. एक वाट झाडाची: पान, चीक, वास, फूल, फळ. दुसरी माणसांची: हे कोणी लावलं, कुठून आणलं, कशाला वापरत होते. दोन्ही वाटा वेगवेगळ्या चालून एकाच नावापाशी आल्या तर ते नाव पक्कं धरायचं. एकाच वाटेने आलेलं नाव म्हणजे अजून अंदाजच.

चाखून बघायचं नाही, ते का

आपल्याकडची दोन झाडं आधी ओळखून ठेवा, बाकी सगळं नंतर.

पहिला काजरा, म्हणजेच कुचला. गोव्यात आणि कोकणात डोंगरउतारांवर, भाटांच्या कडेला, देवळामागच्या रानात तो सर्रास असतो. पिकल्यावर त्याचं फळ गोल, नारिंगी, गुळगुळीत, छोट्या संत्र्यासारखं दिसतं. लहान मुलाने हात घालावा इतकं देखणं. आतला गर पांढरट, बुळबुळीत, आणि त्यात शर्टाच्या मोठ्या बटणासारख्या चपट्या, राखाडी, रेशमी लव असलेल्या बिया. त्या बियांत स्ट्रिक्निन असतं. थोड्या मात्रेतही त्याने झटके येतात आणि श्वास बंद पडून माणूस दगावतो. लिंबाच्या जातीच्या झाडापासून काजरा वेगळा काढायला फळाला हात लावण्याचीही गरज नाही, पान पुरतं. काजऱ्याची पानं फांदीवर समोरासमोर जोडीने येतात आणि देठाजवळून तीन ते पाच ठळक शिरा टोकाकडे धावतात. संत्रं, लिंबू, तोरिंग यांची पानं एकाआड एक असतात, चुरगळली की लिंबाचा ओळखीचा वास सुटतो आणि उजेडासमोर धरली तर तेलाचे बारीक पारदर्शक ठिपके दिसतात. काजऱ्यात यातलं काहीच सापडणार नाही.

दुसरा सुकणू. खाजणांच्या (खाडीलगतच्या खाऱ्या शेतजमिनींच्या) बांधावर, खाडीच्या काठाने आणि हल्ली शोभेसाठी अंगणातही दिसतो. फांदीच्या टोकाशी दाटीने आलेली लांबट चकचकीत पानं, सुवासिक पांढरी फुलं आणि कैरीसारखं हिरवं फळ. पान तोडलं की पांढरा चीक गळतो. बीतलं विष थेट हृदयाचे ठोके बिघडवतं. खाडीकाठच्या घराच्या परसात कैरीसारखं फळ दिसलं आणि देठातून पांढरं दूध आलं, तर ते आंब्याचं नाही एवढं नक्की समजा.

‘पक्षी खातात म्हणजे चालतं’ हा सल्ला मी अगदी जाणत्या माणसांच्या तोंडूनही ऐकलाय, आणि तो धोक्याचा आहे. धनेश पक्षी काजऱ्याची फळं खातात. ते गर खातात, बी अख्खी बाहेर टाकतात. आपल्या दातांखाली बी फुटली तर गोष्ट वेगळी होते.

तिसरी काळजी कातडीची. बिब्बा आणि त्याच्या नात्यातल्या काही रानझाडांचा चीक अंगाला लागला तर फोड येतात, काहींना नुसत्या स्पर्शाने सूज चढते. काजूच्या बोंडूखालच्या बीचं तेल हाताला लागलं की काय होतं ते आपल्याकडे शाळकरी मुलांनाही माहीत असतं. म्हणून पहिल्या पाहणीला पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे आणि एक जुनी सुरी. तीच सुरी नंतर स्वयंपाकघरात न्यायची नाही.

झाड उभं कुठे आहे ते आधी बघा

पानाकडे जाण्याआधी दहा पावलं मागे या. झाड माडांच्या किंवा पोफळींच्या ओळीत आहे का? बुंध्याभोवती जुनं आळं, दगडांची रास, पाटाची फांदी दिसते का? दिसली तर ते माणसाने हौसेने लावलेलं आहे आणि बहुधा खाण्याजोगं आहे. तेच झाड वईत (कुंपणात), मेरेवर, विजेच्या तारेखाली किंवा दुसऱ्या मोठ्या झाडाच्या आडोशाला वाढलं असेल तर बी पक्ष्याने किंवा वटवाघळाने टाकलेली असू शकते.

मग बुंधा जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत नीट न्याहाळा. तिथे साल एकदम बदलते का, गाठ किंवा तिरपी खूण आहे का? ती कलमाची जागा. इथे एक गोष्ट फार लोकांच्या ध्यानात येत नाही. कलमाचा वरचा भाग मेला आणि खालच्या खुंटाला फूट आली, तर काही वर्षांनी त्याच जागी वेगळंच झाड उभं राहतं. चिकूची कलमं खिरणीच्या खुंटावर बांधतात. त्यामुळे ‘आजोबांनी इथे चिकू लावला होता, आता पिवळी बोरासारखी गोड फळं येतात’ असं कोणी सांगितलं, तर ती खिरणी असण्याचा संभव मोठा आहे. लिंबूवर्गाचंही तसंच. रुजवलेला खुंट जंभेरी किंवा रंगपूर लिंबाचा असतो आणि वरचं मोसंबं गेलं की उरतो तो खुंट. आधी कलमाची खूण बघितलीत तर पुढची बरीच शोधाशोध वाचते.

कुळागर असेल तर अजून एक. पोफळींच्या सावलीत मिरवेल आणि वेलचीबरोबर जायफळ आणि कोको लावायची पद्धत आहे. शहरात वाढलेल्या मुलांनी ही झाडं पाहिलेली नसतात. जायफळाचं फळ पिवळसर, पेरूएवढं. पिकलं की उकलून दोन फाका होतात आणि आत काळपट बीवर लालभडक जायपत्रीची जाळी. हे दृश्य एकदा पाहिलं की विसरत नाही. कोकोची शेंग बुंध्यालाच लटकते.

पान, चीक, वास

ही परीक्षा बारमाही. फूल-फळ नसतानाही होते, म्हणून तिच्यावर सर्वांत जास्त वेळ घालवा. कोवळ्या टोकाकडची एक छोटी फांदी घ्या. खाली गळलेलं पान नको, ते शेजारच्या झाडाचं असू शकतं.

पहिला प्रश्न: पानं समोरासमोर की एकाआड एक? भिरंड (कोकम), जांब, पेरू, जांभूळ, काजरा यांची समोरासमोर. आंबा, फणस, लिंबू, सीताफळ, चिकू यांची एकाआड एक. एवढ्याने निम्मी झाडं बाद होतात.

दुसरा: पान साधं आहे की एका दांड्यावर अनेक पात्यांचं? बिमलांच्या दांड्यावर कितीतरी बारीक पाती असतात आणि आंबट हिरवी बोटभर फळं खोडालाच झुपक्याने लागतात. अंबाड्याचं पानही असंच अनेक पात्यांचं, पण पाती मोठी आणि चुरगळली की कच्च्या कैरीचा वास.

तिसरा: चीक. देठ तोडून दहा-पंधरा सेकंद थांबा. पांढरं दूध आलं तर फणस, ओटंब, नीरफणस यांचं कुळ, चिकू-खिरणीचं कुळ किंवा सुकणू आणि कण्हेरीचं विषारी कुळ. पिवळा चीक आला तर भिरंड किंवा त्याची भावंडं, मँगोस्टीनसुद्धा त्यातच. पाण्यासारखा, टर्पेंटाइनच्या वासाचा आणि नंतर काळा पडणारा चीक म्हणजे आंबा-काजू-बिब्ब्याचं घराणं. इथे हातमोजे काढायचे नाहीत.

चौथा: पान उजेडाकडे धरून ठिपके शोधा, मग चुरगळून वास घ्या. ठिपके आणि लिंबाचा वास असेल तर लिंबूवर्ग. ठिपके, पण वास राळेसारखा किंवा पेरूच्या पानासारखा, आणि पानं समोरासमोर असतील तर पेरू-जांबाचं कुळ.

काटे विसरू नका. खोडावर काटे आणि फळं तांबूस-जांभळी, गोट्यांएवढी असतील तर जगम असू शकतं. ही फळं तळहातात घोळवून मऊ केल्यावर तुरटपणा कमी होतो, हे जुन्या बायकांना बरोब्बर ठाऊक असतं.

एक उदाहरण पुरतं सोडवून बघू

फोंडा तालुक्यातल्या एका नातेवाइकांच्या परसात तुळशीवृंदावनाच्या मागे डोक्याच्या वर गेलेलं एक दाट झुडूप होतं. मुलं त्याच्या फळांना ‘छोटे भोपळे’ म्हणत, मोठ्यांना ते शोभेचं वाटे. फळ सुपारीपेक्षा जरा लहान, वरखाली चपटं, त्याला उभ्या सात-आठ कडा. एकाच फांदीवर हिरवी, नारिंगी, लाल आणि पार काळपट तांबडी फळं एकदम लोंबत होती.

पानं समोरासमोर, लहान, टोकदार. कोवळी पालवी तांब्याच्या रंगाची. उजेडासमोर धरल्यावर ठिपके स्पष्ट. चुरगळल्यावर राळेचा तिखट वास. फूल पांढरं, चार पाकळ्यांचं, मधे पुंकेसरांचा झुबका. एवढ्यावरून कुळ पेरू-जांबाचं ठरलं. आता कडा असलेलं लाल फळ देणारं या कुळातलं बागेतलं झाड म्हणजे पितांगा.

तरी एक संशय फेडायचा राहतो. ज्याला वेस्ट इंडियन चेरी म्हणतात ते झुडूपही परसात लावतात आणि त्याचंही फळ लाल, चेरीएवढं असतं. पण त्याच्या फळाला अगदी पुसट तीन फाका, आत तीन कडेदार बिया, फूल गुलाबी, पाच झालरदार पाकळ्यांचं, आणि पानात तेलाचे ठिपके नाहीत. पितांगाचं फळ कापलं तर बहुतेक वेळा एकच मोठी गोल बी निघते. तशी ती निघाली.

मग माणसांची वाट. घरातल्या थोरल्या काकूंना झाडाचं नाव न विचारता फळ नुसतं दाखवलं. त्या म्हणाल्या, “हे होय? पोर्तुगीज काळात सासऱ्यांच्या ओळखीच्या एका पाद्र्याच्या बागेतून बी आणली होती. पितांग की काय म्हणत. साखर घालून ठेवायचो.” दोन वाटा जुळल्या.

पितांगा मूळचा ब्राझीलकडचा. पोर्तुगिजांनी काजू, अननस, पेरू आणले त्याच समुद्रमार्गाने हाही आला. या झाडाचं पहिलं शास्त्रीय वर्णन इटलीत पिसाच्या बागेतल्या रोपावरून झालं आणि ते रोप गोव्यातून गेलं असावं असं मानलं जातं. गोव्याच्या परसातल्या झाडाला एवढी मोठी वंशावळ असते आणि आपण ते रान म्हणून काढायला निघतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

माणसांना विचारण्याची रीत

‘हे कसलं झाड?’ असा प्रश्न पहिल्यांदा विचारू नका. माणूस अंदाजाने काहीतरी नाव देतो आणि मग त्यालाच धरून बसतो. त्याऐवजी विचारा: याची फळं घरात कोणी खाल्ली होती का? लोणचं, सार, सोलं, असं काही करायचे का? कोणत्या महिन्यात? औषधाला वापरायचे का? मुलांना या झाडापासून लांब ठेवायचे का? शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा.

कोणाला विचारायचं? घरातल्या थोरल्या स्त्रियांना आधी, कारण आंबटाला काय घालायचं हे त्या ठरवत होत्या. मग कुळागरात शिंपणीला, पाडपाला (नारळ पाडायला) येणारी माणसं, शेजारी, आणि बाजारात रानमेवा विकायला बसणाऱ्या बायका. जहाजावर किंवा मोझांबिक, केनियात नोकरीला असलेल्या कोणा नातेवाइकाची आठवण निघाली तर कान टवकारा. परदेशातून बिया खिशात घालून आणणारी माणसं गोव्याच्या प्रत्येक वाड्यावर होती.

गावठी नाव मिळालं तरी ते तालुक्यागणिक बदलतं, एकच नाव दोन झाडांनाही असतं. म्हणून शेवटी शास्त्रीय नाव लावून घ्याच.

फोटो आणि अ‍ॅप

गूगल लेन्स, प्लँटनेट, आयनॅचरलिस्ट ही साधनं उपयोगी आहेत, पण ती साक्षीदार म्हणून, निवाडा द्यायला नव्हे. नुसत्या फळाच्या फोटोवर ती सहज चुकतात. निदान इतके फोटो काढा: पूर्ण झाड, बुंध्याची साल, फांदीवर पानांची मांडणी, पानाची वरची आणि खालची बाजू, फूल समोरून आणि बाजूने, फळ अख्खं, आडवं कापलेलं, उभं कापलेलं, आणि धुतलेली बी. प्रत्येक फोटोत मोजपट्टी किंवा रुपयाचं नाणं ठेवा. आयनॅचरलिस्टवर इतर जाणकार माणसं नाव तपासतात, म्हणून मी ते पसंत करते. मात्र खाण्याचा निर्णय कुठल्याच अ‍ॅपवर सोडायचा नाही.

वर्षभराची वही

फळ नसेल तर घाई करू नका, एक पूर्ण वर्ष द्या. पालवी केव्हा आली, पानगळ झाली का, फूल कधी, वास रात्री येतो की दिवसा, फळ धरलं का गळलं, सगळं तारखेसह लिहा. भिरंडाला साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारीत फुलं येतात आणि एप्रिल-मेमध्ये फळं तयार होतात. त्या काळात फुलून एकही फळ न धरणारं झाड वांझ आहे असं समजून तोडतात. पण भिरंडात नराची झाडं वेगळी असतात, जायफळातही. ते नर झाड काढलं तर शेजारच्या मादीच्या फळांवर परिणाम होऊ शकतो.

नमुना कसा न्यायचा

नाव पक्कं होत नसेल तर जाणकाराकडे जा, आणि जाताना प्लॅस्टिकच्या पिशवीत कोमेजलेलं पान नेऊ नका. वीतभर फांदी घ्या, त्यावर फूल किंवा फळ असलेली उत्तम. वर्तमानपत्राच्या घडीत पानं पसरून ठेवा, त्यातलं एक पान उलटं, म्हणजे खालची बाजू दिसेल. वर जड पुस्तकं. पहिला आठवडाभर कागद रोज बदला. पावसाळ्यात आपल्याकडे एका रात्रीत बुरशी धरते, तेव्हा कागद इस्त्रीने किंवा चुलीच्या उबेने कोरडे करून मगच वापरा. जाड फळ दाबायचं नाही, ते ताजंच डब्यातून न्या. सोबत चिठ्ठी: तारीख, गाव, झाडाची उंची, चिकाचा रंग, ताज्या फुलाचा रंग आणि वास. वाळल्यावर रंग आणि वास दोन्ही जातात, म्हणून ही चिठ्ठी नमुन्याइतकीच गरजेची.

जवळची ठिकाणं: आपल्या तालुक्याचं विभागीय कृषी कार्यालय, कृषी विज्ञान केंद्र, जुन्या गोव्याजवळ एला इथली आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषदेची) केंद्रीय किनारपट्टी कृषी संशोधन संस्था, आणि ताळगाव पठारावरच्या गोवा विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग. फारच अडलं तर मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातलं ब्लॅटर हर्बेरियम (वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह) किंवा भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पुण्यातलं केंद्र. आधी फोन करून, वेळ ठरवून जा.

नाव लागल्यावर

खायला योग्य ठरलं तरी पहिल्या दिवशी एकाच मोठ्या माणसाने थोडासा पिकलेला गर खायचा. बी चावायची नाही. मुलं, गरोदर बाई, ज्यांना अ‍ॅलर्जी आहे अशी माणसं नंतर. वटवाघळाने किंवा खारीने कुरतडलेलं फळ टाकूनच द्या. केरळात 2018 साली निपाहची, म्हणजे वटवाघळांकडून माणसात येणाऱ्या विषाणूची, साथ आली तेव्हापासून हा नियम सगळ्यांनीच पाळायला हवा, आणि बाकीची फळंही धुऊन घ्यावीत.

पितांगासारख्या फळात पिकण्याची पायरी महत्त्वाची. नारिंगी असताना खाल्लं तर राळेचा उग्र वास येतो आणि माणूस ते झाड कायमचं नावडतीत टाकतो. गडद लाल झालेलं, नुसत्या स्पर्शाने हातात सुटणारं फळ घ्या, बी काढा, साखर भुरभुरून दोन-तीन तास फ्रिजमध्ये ठेवा. उग्रपणा बराचसा जातो. फळमाशी याच्या फार मागे लागते, म्हणून खाली पडलेली फळं रोज उचलून पुरा.

झाड नको असेल, घराच्या भिंतीला भिडत असेल, तरी परस्पर कोयता लावू नका. गोव्यात 1984 चा वृक्ष संरक्षण कायदा लागू आहे आणि स्वतःच्या जागेतलं झाड तोडायलाही वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी काढावी लागते. बहुतेक वेळा फांद्या आटोक्यात आणून भागतं.

ठेवायचं असेल तर नावाची पट्टी लावा. खिळा ठोकू नका. जाड तारेचा सैल फेरा फांदीला घालून त्यात जस्ताचा पत्रा अडकवा, पत्र्यावर नाव, शास्त्रीय नाव, कोणी कुठून आणलं आणि फळाचा महिना. तोच मजकूर घराच्या कागदपत्रांच्या फाइलमध्येही ठेवा, म्हणजे पुढच्या वाटणीच्या वेळी तो कोणाच्या तरी हाती लागेल.

आणि रोपं करा. एकच झाड असलं की एका वादळात सगळंच जातं. पितांगाची बी जेमतेम महिनाभर जिवंत राहते, म्हणून फळ खाल्लं की धुऊन त्याच दिवशी पिशवीत लावायची, वाळवून डबीत ठेवायची नाही. रोप सावलीत वाढवा, पुढच्या वर्षी पावसाच्या पहिल्या पंधरवड्यात जमिनीत घाला. दोन रोपं स्वतःच्या परसात, बाकी ज्या भावंडांच्या वाट्याला हे परस आलं नाही त्यांच्याकडे द्या.